डाव्या मनगटावरचं घड्याळ

बापूराव मूर्तिजापूरच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाडीची वेळ झाली की त्यांची शिट्टी वाजायची, मग मागून सख्खा मेहुणा का धावत येईना. ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांची बायको गेली. एकुलत्या एका मुलानं, सुदर्शननं, घराला कुलूप लावलं आणि त्यांना पुण्याला आणलं. २००६ सालची गोष्ट. सुदर्शन हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होता, त्याची बायको नम्रता खराडीला. कोथरूडचा तो फ्लॅट सकाळी रिकामा व्हायचा, तो अंधार पडल्यावरच भरायचा. मधला सगळा दिवस बापूरावांचा एकट्याचा.

पुढच्या वर्षी सुदर्शनला कंपनीनं कामासाठी झुरिचला पाठवलं. येताना त्यानं वडिलांसाठी भारी घड्याळ आणलं.

"बाबा, याला सेल नाही. हात हलला की आतली स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. तुमच्या हलण्यावर चालतं हे."

बापूरावांनी ते डाव्या मनगटावर बांधलं आणि दुसऱ्या दिवसापासून रेडिओच्या बातम्यांआधीच्या टिपटिप आवाजाशी ताडून पाहायला लागले. पहिले काही महिने ते थोडंसं पुढे जायचं. मग मागे पडायला लागलं. आधी काही सेकंद, नंतर मिनिटं. एका सकाळी पाहिलं तर बंदच.

"काऊन रे," ते सुदर्शनला म्हणाले, "एवढ्या महागाचं घड्याळ अन् मागं पडून राहिलं?"

शनिवारी दोघं लष्कर भागातल्या एका घड्याळांच्या दुकानात गेले. दुरुस्तीच्या काउंटरवर मकसूद नावाचे गृहस्थ होते. त्यांनी घड्याळ चाल मोजायच्या यंत्रावर लावलं, आलेख पाहिला आणि परत दिलं.

"घड्याळ उत्तम आहे. दिवसाला पाच-सात सेकंद इकडेतिकडे होणारच."

"पाच-सात? माझ्या ऑफिसातलं भिंतीवरचं साधं घड्याळसुद्धा याच्यापेक्षा बरोबर चालतं," सुदर्शन म्हणाला.

"चालणारच. त्यात सेल आहे. यात नुसती चाकं आणि स्प्रिंग. थंडीत, उन्हात, उताणं ठेवलं, कुशीवर ठेवलं, दर वेळी चाल थोडी बदलते. तंतोतंत वेळच पाहिजे असेल, तर आपल्या खिशात मोबाईल आहे ना?"

"पण हे सेकंदांनी नाही, मिनिटांनी मागं जातं. बंद पडतं."

"मग चावी पुरत नसेल. वडिलांऐवजी आठ दिवस आपण घालून पाहा."

सुदर्शननं घालून पाहिलं. त्याच्या हातावर घड्याळ एकदाही थांबलं नाही. आठवड्याच्या शेवटी जेमतेम अर्धं मिनिट पुढे होतं. त्यानं ते वडिलांना परत दिलं आणि तीन दिवसांत पुन्हा बंद. सुदर्शन चिडला.

"बाबा, दिवसभर नुसते बसून राहता तुम्ही! जरा हातपाय हलवा की."

बापूरावांना ते लागलं. "मी रोज टेकडीवर जातो. विचार वॉचमनले."

पुढच्या रविवारी सुदर्शन त्यांच्याबरोबर टेकडीवर गेला. खरं म्हणजे त्याला वडिलांना खोटं पाडायचं होतं. पायवाट अरुंद, म्हणून तो मागून चालत होता. बापूराव नेहमीच्या चालीनं चढत होते. उजवा हात पुढे-मागे झुलत होता. डावा अंगाला चिकटून लोंबत होता, जणू त्या हातात कुणी पिशवी दिली होती आणि सांडू नको म्हणून बजावलं होतं.

"बाबा, डावा हात दुखतो का?"

"नाही."

"मग हलवत का नाही?"

बापूरावांनी थांबून हाताकडे पाहिलं. "हलवतो ना," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना खोलीतल्या खोलीत चालायला लावलं, बोटं उघड-मीट करायला लावली, कागदावर नाव लिहायला लावलं. नाव शेवटाकडे बारीक होत गेलं. "पार्किन्सन्सची सुरुवात आहे," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळदा एका बाजूनं सुरू होतो. औषधानं बरं वाटेल, पण आजार जाणार नाही." दोघं रिक्षानं घरी निघाले. कर्वे रस्त्यावर सिग्नलला बापूराव एवढंच म्हणाले, "वॉचमनले विचारायची गरज नाही आता."

गोळ्यांनी दोन-तीन वर्षं बरी गेली. मग उजवा हातही गेला. शर्टाची बटणं लावायला बापूरावांना सगळी सकाळ लागायची, आणि नम्रतानं लावून दिली तर ते मान खाली घालून बसायचे. एकदा बाथरूममध्ये पडले. सुदर्शननं अमेरिकेची बदली नाकारली. का, ते त्यानं घरात सांगितलं नाही, पण तो फोनवर बोलत असताना बापूरावांनी ऐकलं होतं. त्या दिवसापासून ते मूर्तिजापूरला सोडून ये म्हणून मागे लागले. तिथं कोण बघणार, असं विचारलं की ते पुन्हा तेच म्हणायचे. घड्याळ त्यांनी आपणहून सुदर्शनला देऊन टाकलं. त्यानं कधी घातलं नाही.

शेवटी शेवटी चेहराच हलेनासा झाला. सोसायटीतले लोक म्हणायचे, म्हातारा फार तुसडा आहे, नमस्कार केला तरी दगडासारखा बघतो. घरात सुदर्शनलाही तसंच वाटायला लागलं होतं. त्या दिवाळीत नम्रतानं वऱ्हाडी पद्धतीनं शेव करायचा प्रयत्न केला आणि ती करपली. सगळ्या स्वयंपाकघरभर धूर झाला. सुदर्शन तिची चेष्टा करत होता. खुर्चीत बापूराव तसेच, डोळे न मिटता बघत बसले होते.

"बाबा, राग आला का कशाचा?" सुदर्शननं जवळ जाऊन विचारलं.

ओठ जेमतेम हलले. मग अगदी बारीक आवाज आला.

"नाही रे. हासून राहिलो ना मी."

पुढच्या उन्हाळ्यात, निमोनियानं, बापूराव गेले.