परबांचा पदवीदान समारंभ

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. माळ्यावरच्या जुन्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक ओढायला गेलं की चार अंगावर येतात. परवा गिरगावात आमच्या बिल्डिंगमधल्या गद्रेकाकूंनी मला विचारलं, "तुमचं ते पदवीदान वर्षातून एकदाच ना गं? मग बाकीचं वर्ष तुम्ही करता काय?" मी म्हटलं, "काकू, बसा. चहा टाकते." त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. तिखटमीठ माझं, बाकी सगळं खरं.

आमचं विद्यापीठ परळला. सरकारी, जुनं, आणि कुठलीच गोष्ट वेळेवर न करण्याबद्दल नावाजलेलं. त्यात आमचा समारंभ विभाग म्हणजे इनमीन तीन माणसं. पास्कल साहेब आमचे सेक्शन ऑफिसर, खोताच्या वाडीतले, त्यांच्या शर्टाची इस्त्री मोडलेली मी आजवर पाहिली नाही. दुसरे परब, काळाचौकीचे, हुद्द्याने क्लार्क आणि हाडाने गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते. तिसरी मी.

एका वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून एक शास्त्रज्ञ आले. माणूस ताडमाड उंच. आमच्याकडचा सगळ्यात लांब गाऊन घातला तर तो गुडघ्यापाशीच संपला. पास्कल साहेबांनी पाहुण्यांची कॉलर नीट केली आणि शांतपणे म्हणाले, "सर, या वर्षीपासून आपण आखूडच केलेत."

पाहुणे खूश. पण शेजारी कुलगुरू उभे होते. त्यांनी स्वतःच्या पायघोळ गाऊनकडे बघितलं आणि विचारलं, "मग मला एकट्यालाच जुना का दिलात?"

समारंभ सुरू व्हायची वेळ झालेली. पास्कल साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी पर्समधून सेफ्टी पिना काढल्या. त्या वर्षीच्या ग्रुप फोटोत खुर्चीत बसलेल्या कुलगुरूंचे मोजे दिसतात. दोन वेगवेगळ्या रंगांचे आहेत.

मिरवणुकीचा किस्सा याच्यापुढचा. समारंभाच्या सुरुवातीला कुलगुरू, डीन, प्राध्यापक असे सगळे गाऊन घालून रांगेने हॉलमध्ये येतात. येतात म्हणजे यायला हवेत. दरवर्षी हॉलपर्यंत पोचेस्तोवर निम्मे गळायचे. कोणी चहाला, कोणी फोनवर, कोणी जुन्या विद्यार्थिनीशी बोलत थांबलेलं. वैतागून पास्कल साहेबांनी मिरवणूक परबांच्या ताब्यात दिली.

आम्ही दारात उभे राहून बघतोय, तर कॉरिडॉरमधून सगळे विद्वान एका गठ्ठ्यात येताहेत, आणि त्यांच्या चारी बाजूंनी दोरी. दोरी धरायला एन.एस.एस.ची मुलं, पुढे परब, तोंडात शिट्टी. मधेच हात वर करून थांबवतात, परत सोडतात. एक डीन दोरीखालून वाकून निसटायला बघत होते, त्यांना दोघा मुलांनी अदबीने आत ढकललं.

नंतर कुलगुरूंनी परबांना बोलावून घेतलं. "परब, दोरी कशासाठी?"

"साहेब, गर्दीत मूर्तीला धक्का लागता नये."

कुलगुरूंना आपण मूर्ती असल्याचं आवडलं असावं. दोरी कायम झाली.

आता हसणं बाजूला ठेवून एक सांगते. या परबांकडे स्वतःची पदवी नव्हती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना वडिलांची गिरणी बंद पडली आणि पोरगं आमच्याकडे नोकरीला लागलं, ते लागलंच. स्टेजच्या पायरीशी उभं राहून "चला, पुढे चला, फोटो खाली" म्हणत त्यांनी हजारो पोरांना पदवीधर करून पुढे पाठवलं. स्वतः तिथेच. कधी बोलले नाहीत, पण गाऊन घड्या करताना एखादा जरा जास्तच वेळ हातात धरायचे. मला ते बघवायचं नाही.

रिटायरमेंट वर्षावर आली तेव्हा पास्कल साहेबांनी त्यांना न विचारताच राहिलेल्या शेवटच्या वर्षासाठी दूरशिक्षणाचा प्रवेश घेऊन टाकला. वर म्हणाले, "परब, पुढच्या पदवीदानानंतर तुम्ही घरी जाणार. जाताना पदवी घेऊन जायची. ही माझी ऑर्डर आहे." परब म्हणाले, "साहेब, या वयात हसतील लोक." साहेब म्हणाले, "आत्ता काय कमी हसतात?"

झालं, गाऊनच्या खोलीत अभ्यास सुरू. विषय इतिहास. साहेब प्रश्न विचारायचे आणि परब इस्त्री फिरवता फिरवता उत्तरं द्यायचे. फ्रेंच राज्यक्रांतीला दोन गाऊन जळले.

परीक्षेत तर कमालच केली. पेपर संपायच्या आधी घंटा होते, पुरवण्या बांधा म्हणून. इतकी वर्षं सुपरव्हिजनच्या ड्युट्या केलेला माणूस, घंटा ऐकली आणि सवयीने उठून उभा राहिला. "चला, बांधा, बांधा, नीट गाठ मारा." समोरच्या पोराला गाठ येईना म्हणून त्याची बांधून दिली. मग त्याच्या शेजारणीची. मग सगळी रांग. वर्गावरच्या मॅडम नवीन, त्यांना वाटलं ऑफिसने माणूस पाठवलाय, त्या निवांत बसल्या.

पेपर गोळा झाले तेव्हा परबांच्या लक्षात आलं की आपला शेवटचा प्रश्न तसाच राहिला.

संध्याकाळी ऑफिसात येऊन खुर्चीत बसले. चेहरा एवढासा. "गेला, मॅडम. त्या पेपरात मी काय पास होत नाही." मी म्हटलं, "अहो, होईल." पण पुढच्या वेळेपर्यंत थांबायला त्यांच्याकडे पुढची वेळच नव्हती.

त्यात आमचाच रिझल्ट, तो वेळेवर कसा लागेल? पदवीदान तोंडावर आलं तरी पत्ता नाही. इतकी वर्षं खिडकीवरच्या पोरांना "दोन दिवसांत लागेल" सांगणारे परब आता जेवणाच्या सुट्टीत त्याच खिडकीबाहेर पोरांच्या रांगेत उभे राहायला लागले. आतला कदम त्यांचा मंडळातला दोस्त. तो ओरडला, "अरे परब, बाहेर काय करतोस? आत ये ना."

परब म्हणाले, "नको रे. आत आलो की तू खरं सांगशील."

रिझल्ट लागला तो समारंभाच्या आदल्या आठवड्यात. परब पास. त्या पेपरात अगदी काठावर, पण पास. पास्कल साहेब उठले, कपाटातला सगळ्यात चांगला गाऊन काढला आणि स्वतः इस्त्रीला उभे राहिले.

आता शेवटचं सांगते.

परबांनी समारंभाला बायकामुलांना बोलावलं, पण आईला येऊ द्यायला तयार नाहीत. म्हातारीची नव्वदी आलेली, तरी तब्येत ठणठणीत. खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलले. समारंभाच्या आदल्या दिवशी आमची रंगीत तालीम असते. प्रमुख पाहुण्यांच्या जागी परब गाऊन घालून उभे राहतात, आणि एन.एस.एस.च्या पोरांना खोट्या पदव्या देतात. फोटोग्राफर तेव्हा लाइट बघायला फोटो काढतो. तसला एक फोटो कधीतरी घरी गेला. आईने तो फ्रेम करून लावला आणि अख्ख्या चाळीला सांगितलं की विद्यापीठात पदव्या देतो तो माझा झील, त्यांच्या मालवणीत मुलगा. परबांना तेव्हा तिला खरं सांगवलं नाही. पुढे तर सांगायची सोयच राहिली नाही.

"आता ती मला रांगेत बघेल," परब म्हणाले. "म्हातारीला काय वाटेल हो? चाळीत तोंड कसं दाखवेल ती?"

पास्कल साहेबांनी ऐकून घेतलं आणि समारंभाच्या सकाळी टॅक्सी करून सरळ काळाचौकीला गेले. आजींना घेऊन आले, माझ्या शेजारी बसवलं आणि मला म्हणाले, "तुम्ही सांभाळा." मी काय सांभाळणार, कपाळ?

नाव पुकारलं गेलं. परब स्टेजवर चढले. हॉलभर आमच्या स्टाफने एवढ्या टाळ्या वाजवल्या की प्रमुख पाहुणे दचकले. परबांनी वाकून दोन्ही हातांनी पदवी घेतली, आणि समोर बघितलं तर पहिल्या रांगेत आई. तिथेच थिजले. पुढे चला म्हणायला पायरीवर कोणी नव्हतं.

आजी टक लावून स्टेजकडे बघत होत्या. टाळ्या नाहीत, काही नाही. मी हळूच म्हटलं, "आजी, काय आहे ना, आज जरा वेगळं..."

त्यांनी मला हाताने गप्प केलं. मग पदराने डोळे पुसले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बघलंस मां? आदी सगळ्यांका वाटल्यान, मगे आपण घेतल्यान. घराकडेय तसोच तो."