पाण्यावरून पडलेलं नाव

भिलाईच्या मजूरवस्तीत, कॅम्प एकमध्ये, कुणाला 'हिरो' म्हटलं, तर ते कौतुक नसायचं. केसांना तेल चोपडून पानठेल्यावर उभा राहणारा हिरो. मुकादमाला उलट बोलणाराही हिरोच. 'जास्त हिरो नको बनू,' असं माय लेकाला म्हणायची आणि मुकादम मजुराला. विटक्या लुगड्यातल्या, सिमेंटनं हात फाटलेल्या भागीरथाला हे नाव पडलं, ते पाण्यावरून.

नागपूरला दीक्षा घेतल्यावर ती आणि तिचा नवरा कवडू भंडाऱ्याकडचं गाव सोडून भिलाईला आले. तेव्हा कारखान्याच्या भट्टीचा पाया भरणं चालू होतं. खड्डा असा खोल, की खाली उतरलेला माणूस वरून मुठीएवढा दिसे. एकदा त्यात माल ओतायला घेतला, की खड्डा भरेपर्यंत थांबायचं नाही. मध्येच सुकला तर जोड कच्चा राहतो. म्हणून मिक्सरपासून खड्ड्यापर्यंत बायांची रांग, आणि घमेलं या हातातून त्या हातात.

पाण्याच्या रांजणाजवळ म्हातारी मथुरा बसायची. मुकादम पंजाबरावाचा हुकूम होता : बाकीच्या बायांना गिलास, भागीरथाच्या समाजाला वरून ओंजळीत. गावात तिनं जन्मभर ओंजळ धरली होती. इथंही काही दिवस धरली. वैशाखातल्या त्या दुपारी मात्र तिनं गिलासच उचलला.

"काय वं, हिरो झाली का?" पंजाबराव ओरडला. "ओंजळ धर!"

"ओंजळ गावातच ठेवून आली, भाऊ."

त्यानं गिलास हिसकावला. "चाल, कामाले लाग. अन् उद्यापासून येऊ नको."

भागीरथा रांगेत आपल्या जागी गेली आणि खाली बसली.

घमेलं आलं, तिच्यापाशी अडकलं. मागून दुसरं आलं. मिक्सर गरगरत होता.

"उठ, माल सुकून राहिला!"

"माहा गळाबी सुकूनच राहिला."

खड्ड्याच्या काठावरून कवडूनं हाक दिली, "उठ वं, दोघांचीबी रोजी जाईल!" तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर उठली असती.

पंजाबराव तिच्या मागच्या सिंधूताईवर गरजला, "तू कायले थांबली? हिच्यावरून दे पुढं!"

सिंधूताई कुणब्याची, तोलूनमापून बोलणारी बाई. हातातलं घमेलं तिनं हळूच खाली ठेवलं. "माहे हात एवढे लांब नाहीत, मुकादम."

रांग थांबली. पंजाबरावानं खड्ड्याकडं पाहिलं, मिक्सरकडं पाहिलं, आणि घाम पुसला. "मथुरे, दे तिले गिलास. नेऊन दे."

"नेऊन नको देऊ, माय. मी येतो," भागीरथा म्हणाली.

ती चालत गेली. स्वतःच्या हातानं रांजणात गिलास बुडवला, घटाघटा प्यायली. परत भरला आणि आणून सिंधूताईपुढं धरला. सिंधूताई क्षणभर गिलासाकडं बघत राहिली. मग तोंडाला लावून रिकामा केला.

घमेली पुन्हा चालू लागली. दिवस बुडायच्या आत पाया भरला.

दुसऱ्या दिवशी पंजाबरावानं तिला कामावर घेतलं नाहीच. कवडू आठवडाभर बोलला नाही, आणि घरात चूल दिवसातून एकदाच पेटू लागली. शेवटी रेल्वेलाइनकडच्या दुसऱ्या टोळीत तिला काम मिळालं. तिथल्या मुकादमानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ते हिरो म्हणतात, ते तूच का?"

"मीच," भागीरथानं पदर कमरेला खोचला. "पान्याचा गिलास कुठं हाय?"