दोन मिस्कॉल

आमचे नाना फोन न करण्यात पटाईत होते. मी धुळ्यात नोकरीला; ते भडगावजवळच्या गावी माझ्या वाट्याची केळी आणि एक म्हैस सांभाळत. नात्याने चुलते, पण मला वडलांच्या जागी. मी फोन लावला की बोलणं एवढंच:

"नाना, बाग कशी आहे?"

"तुले काय वाटस?"

"बरी असेल."

"मंग तशीच शे. ठेव."

बागेचा अंदाज मी धुळ्यात बसून बांधायचा, तो चुकला तरच ते कळवणार, असा त्यांचा कायदा. "आता बोलणं फुकट आहे हो," मी एकदा म्हणालो. "फुकट शे म्हणीसन काय बी बोलानं का?"

कळवणंही मिस्कॉलने. एक वाजला की हातातलं टाकून निघायचं. म्हैस अडली तेव्हा एक वाजला. मी कानात साबण घेऊन मोटरसायकलवर बसलो. पोचलो तर म्हैस निवांत रवंथ करतेय, रेडकू माझ्याकडे टकामका बघतंय, आणि नाना चुलतीला, आमच्या अक्काला, सांगताहेत, "याले पहिले आंघोळ घाल." त्या दिवशी कायद्यात भर पडली. घाई सरल्यावरची बातमी असेल, तर दोन मिस्कॉल. म्हणजे जेवून ये.

आजवर कुणाला बोललो नाही, पण ती शांतता मला सोयीची होती. गेल्या हिवाळ्यात नानांच्या छातीत दुखायला लागलं. मी फोन केला.

"तब्येत कशी आहे?"

"तुले काय वाटस?"

"बरी असेल."

ते म्हणाले, "ठेव."

'तशीच शे' म्हणाले नाहीत, हे मला नीट ऐकू आलं होतं. तरी ठेवला.

पुढे काही दिवसांनी, दुपारी, त्यांच्या नंबरावरून दोन मिस्कॉल आले. रेडकू विकलं असेल, असा अंदाज बांधून मी भरीत-पुरीवर आडवा हात मारला. वर दही मागून घेतलं.

गावी पोचलो तर अंगणात माणसं बसलेली. मला बघून अक्काने पहिलं विचारलं, "जेवीसन उना ना?"

मी मान हलवली.

"त्यासनीच सांगेल व्हतं. मी मरी गऊ की दोन मिस्कॉल दे, नहीते उपाशीच निंघी तो."

आता मी अक्काला रोज फोन करतो. ती विचारते, "काय नवं शे?"

"काही नाही."

"मंग?"

मी फोन ठेवत नाही. तीही ठेवत नाही.