झारी घेतलेली मुलगी

कंपासशिवाय फळ्यावर नीट गोल काढावा तो कंपासबाईंनीच. पोरांनी ठेवलेलं हे नाव त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. सगळा जन्म गणित शिकवण्यात गेलेला. अशा बाईंना उतारवयात टॅब्लेट घेऊन शिकवायचं प्रशिक्षण द्यायचं, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला पाण्यात कसं उतरावं ते सांगायचं.

पण बाई हट्टाला पेटल्या. संगणकावर काम करणाऱ्या नणंदेपुढे रोज संध्याकाळी शिकायला बसल्या, तिचे टोमणे निमूट गिळले. "वहिनी, हळूच टेकवा बोट. लिंबू पिळत नाही आहात," नणंद म्हणायची.

प्रशिक्षणात प्रत्येकाने आपल्या वर्गाचा एक तास चित्रित करून दाखवायचा होता. ज्याचा तास सरस, तो पुढे बाकीच्या शिक्षकांना शिकवणार. बाईंना तो मान हवा होता, फार हवा होता. नव्या पद्धतीत बाई प्रश्न विचारत, मुलं टॅब्लेटवर उत्तर दाबत आणि पडद्यावर बरोबर उत्तरांची हिरवी पट्टी चढे, चुकलेल्यांची लाल. सराव करताना ती मेली लाल पट्टी काही केल्या खाली येईना. कुणामुळे, ते बाईंना पाठ होतं. चित्रीकरणाच्या दिवशी त्यांनी त्या चौघांना गोड बोलून अंगणातल्या झाडांना पाणी घालायला धाडलं. तास मग अगदी मनासारखा झाला.

फोनच्या टीचभर पडद्यावर बाईंनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. सभागृहात मात्र तो भिंतभर दिसला. हिरवी पट्टी वर चढली, टाळ्या पडल्या, आणि मागून कुणीतरी हसलं. फळ्याशेजारच्या खिडकीत, गजांपलीकडे, एक मुलगी उभी होती. एका हातात झारी, दुसरा हात वर. प्रत्येक प्रश्नाला तिचा हात आणखी उंच जाई आणि झारी कलंडून पाणी सांडे. पडद्यावरच्या बाई तिच्याकडे एकदाही बघत नव्हत्या. खुर्चीतल्या बाईंनी तिला तेव्हाच ओळखलं. त्या चौघांतली चिमणी.

"ही कोण?" प्रशिक्षकांनी सहज विचारलं.

"दुसऱ्या वर्गातली असेल," बाई म्हणाल्या.

निवड बाईंचीच झाली. लोक अभिनंदन करत होते आणि बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. दुसऱ्याचं बघून लिहिणाऱ्या पोरांचे कान ज्यांनी जन्मभर पिळले, त्यांनी भरल्या सभेत आपलंच पोर नाकारलं होतं. घरी नणंद म्हणाली, वहिनी, नाव काढलंत. बाई न जेवताच उठल्या. लाज वाटत होती, आणि ती सांगायलाही लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी चिमणी वर्गाच्या दारातच वाट बघत होती. पडद्यावर आम्ही दिसलो का, असं तिने विचारलं.

"तू दिसलीस," बाई म्हणाल्या.

चिमणीचा चेहरा फुलला. "मग मी कोण ते सांगितलंत ना सगळ्यांना?"

बाईंनी हातातला खडू उगाच चाचपला. "नाही सांगितलं."

मग चिमणीनेच बाईंची समजूत काढली.

"असू दे, बाई. गडबडीत विसरला असाल."