झाडाखालचं लाल खोकं

दुकानात वीस वर्षं भेटवस्तू बांधणाऱ्या या बाईंना सगळे पॅकिंगताई म्हणत. कागदाच्या घडीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. नाताळ आला की दुकानात प्लास्टिकचं झाड उभं राही. सण कुणाचा, कशासाठी, हे कुणी विचारत नसे. दिवे लागले की गिऱ्हाईक येतं, झाला नाताळ! झाडाखालची चाळीस खोकी ताईच बांधत. आत काय? रद्दी, आणि वजनाला विटेचा तुकडा. वरून मात्र कागद असा चापूनचोपून, की बघणाऱ्याला वाटावं आत सोनंच आहे.

दुकान झाडणारी मावशी त्या खोक्यांपाशी रोज घुटमळे. सण सरला, खोकी फेकायला काढली, तेव्हा ताईंना चेष्टेची लहर आली. जिभेला काय, हाड थोडंच असतं! लाल कागदाचं एक खोकं उचलून त्या म्हणाल्या, "मावशी, हे खास तुमच्यासाठी बरं का!"

मावशीने हात पुसले, खोकं छातीशी धरलं आणि घरी नेलं. मागे काउंटरवरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. ताई तर पोट धरून हसल्या.

दुसऱ्या दिवशी मावशी दोन शब्द सुनावेल म्हणून ताई तयारीत होत्या. तर ही बाई म्हणते कशी, "ताई, काल माझ्या घरी सण झाला हो!"

संपलं! ताईंना घास गोड लागेना. अजून उघडलं नसेल, पण उघडेल तेव्हा? आठवडाभर त्या मावशीची नजर चुकवत राहिल्या. शेवटी एक उबदार शाल घेतली, तस्साच लाल कागद लावला आणि सुटीच्या दिवशी तिचं घर गाठलं. ती पाणी आणायला वळली की खोकं बदलायचं. कबूल करायला नको नि काही नको.

एकच खोली. फळीवर, आरशाशेजारी, खोकं तसंच्या तसं. मावशीची पाठ वळताच ताईंनी हात घातला, आणि आत वीट खडखडली.

"असू द्या हो, ताई," मावशी वळून म्हणाली. "आत काय आहे ते मला माहीत आहे. रद्दी तुम्हाला आणून कोण देतं? मीच ना?"

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग ठेवलंत कशाला?"

"तुमच्या हातचं एक तरी घरात असावं, असं फार वाटायचं. मागायची लाज वाटे."

ताईंनी पिशवीतलं खोकं पुढे केलं. मावशीने ते पहिल्याशेजारी ठेवलं. "जोडी छान दिसते!"

"अहो, यात खरंच काहीतरी आहे."

"हो का?" मावशी हसली, समजूत घालावी तशी. उघडायला मात्र हात पुढे केला नाही.

ताईंनी ते खोकं खाली घेतलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा आपण घातलेली घडी आपल्याच हाताने टराटरा फाडली. शाल बाहेर आली.

"मी तुमची चेष्टा केली होती, मावशी," त्या म्हणाल्या. मान काही वर होईना.