नोटरीच्या शेजारचं टेबल

आमच्या खोलीत माणूस कागद घेऊन येतो आणि कागद घेऊन जातो. पण कागद तयार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात तो जे काही बोलतो, ते मात्र इथेच टाकून जातो! बारा वर्षांत असं इतकं साठलंय, की सांगायला बसले तर तुम्हाला तीनदा चहा करावा लागेल.

खोली भोपाळच्या कोर्टाजवळच्या गल्लीत. एका टेबलावर नोटरी, तिवारीजी. दुसऱ्यावर टायपिस्ट रईसभाई. खिडकीपाशी मी. मराठी कागदांचं हिंदी-इंग्रजी भाषांतर करायचं आणि खाली 'अनुवाद अचूक आहे' असं लिहून सही ठोकायची, हे माझं काम. शाळेतून रिटायर झाल्यावर ही उठाठेव कशाला, असं सगळे विचारतात. काय सांगू? दुपारी घरात फ्रिजचा आवाज फार मोठा येतो हो!

*

इथल्याच अयोध्या नगरातून एक रिटायर्ड फोरमन आले. मूळचे अकोल्याकडचे. मार्कशीटवर वानखेडे, सर्व्हिस बुकात वानखड़े आणि आधारवर चक्क वानखेड़ी! ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत, असं शपथपत्र हवं होतं.

तिवारीजींनी तिन्ही कागद शेजारी-शेजारी मांडले आणि चष्म्यावरून पाहिलं. "तो दादा, इन तीनों में असली कौन है?"

"साहब, घर में अकेला हूँ," फोरमन म्हणाले. "तीनों होते, तो ताश जम जाती!"

*

हिंदी-मराठीतले काही शब्द दिसायला सख्खे, पण वागायला सावत्र. 'राजीनामा' त्यातलाच. आपण नोकरी सोडताना देतो, तो राजीनामा. इथे कोर्टात दोन्ही पक्ष भांडण मिटवून तडजोड करतात, तोही राज़ीनामाच!

एक दिवस तिशीतला एक मुलगा पेढ्यांचा डबा घेऊन आला. हिंदी घरातला. बायको मराठी, वर्षभर नागपूरला माहेरी, आणि दोघांची कोर्टात केस. सासऱ्यांचं मराठी पत्र आलं होतं. अक्षर असं, की याला त्यातला एकच शब्द लागला होता.

"मॅडम, राज़ीनामे को तैयार हो गए वो लोग! बस ट्रांसलेशन कर दीजिए, सोमवार को कोर्ट में लगाना है."

आधी पेढा घ्याच, म्हणाला. मी घेतला आणि पत्र वाचलं. 'मुलीने भोपाळच्या नोकरीचा राजीनामा दिला आहे. यापुढे ती इकडेच राहील.' पुन्हा वाचलं. चूक माझी नव्हती. मग शक्य तितक्या हळू आवाजात त्याला अर्थ सांगितला. रईसभाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला.

मुलाने पत्र परत घेऊन तो एक शब्द शोधला. मग म्हणाला, "मॅडम, इतना एक शब्द हिंदी में ही रहने दीजिए ना."

नाही ठेवता आला. त्या दिवशी भाषांतर करायला मला दोन तास लागले. पत्र सहा ओळींचं होतं.

*

इथल्याच कोटरा भागातल्या एक काकू दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्यावर सही-शिक्का घ्यायला येतात. एका वर्षी नोव्हेंबरात आल्या. डिसेंबरात परत आल्या. जानेवारीत शाल गुंडाळून पुन्हा हजर!

तिवारीजी हसायला लागले. "अम्माजी, ज़िंदा होने का काग़ज़ साल में एक ही बार लगता है!"

"पर बेटा," काकू खुर्ची ओढत म्हणाल्या, "ज़िंदा तो मैं रोज़ रहती हूँ!"

*

संमतीपत्राचा एक किस्सा मात्र कुणी हसावं असा नाही. पन्नाशीच्या एक बाई. माहेर वर्ध्याजवळच्या खेड्यात. आई गेली आणि दोन महिन्यांत भावाने संमतीपत्र पाठवलं, माहेरच्या घरावरचा हिस्सा सोडल्याचं. मजकूर मराठीत, सही भोपाळात व्हायची, आणि तिवारीजींना मराठी येत नाही. म्हणून हिंदी भाषांतर.

मी त्यांना वाचून दाखवायला लागले, 'मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय...'

"ताई, थांबा," त्या म्हणाल्या. "भाऊ म्हणाला, कुरिअरने पाठव, यायची गरज नाही. मी हिस्सा मागतच नव्हते हो. मला वाटलं होतं, सहीला तरी बोलावेल. चार दिवस राहून आले असते."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि कागदावर बोट ठेवलं.

"हे 'स्वखुशीने' आहे ना, त्यात नुसतं 'स्व' ठेवता येईल का?"

*

आता माझीच फजिती ऐका. मिस्टर गेल्यावर फ्लॅट माझ्या नावावर करायचा होता, त्यासाठी शपथपत्र. म्हटलं, घरचंच ऑफिस, पाच मिनिटांचं काम! पण तिवारीजी नियमाचे पक्के. शपथपत्रावर ओळख पटवणारा एक माणूस लागतो, 'मी यांना जातीने ओळखतो' म्हणून सही करणारा.

"मैं और रईसभाई नहीं चलेंगे," ते म्हणाले. "बाहर का कोई लाइए, जो आपको बरसों से जानता हो."

घरी येऊन विचार करत बसले. आमच्या बिल्डिंगमध्ये आता सगळे भाडेकरू. जिन्यात भेटले की 'नमस्ते आंटी'. पण आंटीचं नाव एकालाही ठाऊक नाही! शाळेतल्या मैत्रिणींपैकी एक पुण्याला मुलाकडे, एक अंथरुणावर. लेक बंगलोरला. तेवीस वर्षं या शहरात, एकाच पत्त्यावर, आणि एक सही मिळेना!

शेवटी दूधवाला बाबूलाल तयार झाला. सायकल गल्लीत लावून, हात पुसत आत आला.

तिवारीजींनी रीतसर विचारलं, "इनको पहचानते हो?"

"क्यों नहीं साहब!" बाबूलाल म्हणाला. "जब से रूट पकड़ा है, तब से. पहले डेढ़ लीटर लेती थीं. बिटिया गई, तो एक लीटर. साहब नहीं रहे, तब से आधा."

तिवारीजींनी शिक्का शाईत बुडवला.

*

आणि आता हा शेवटचा. हा मी फारसा कुणाला सांगत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आले. सत्तरीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल. लेक कॅनडात. तिच्याकडे जायला व्हिसा हवा होता. एजंटने सांगितलं होतं, मुलीशी तुमचा नियमित संपर्क आहे याचा पुरावा जोडा. म्हणून यांनी व्हॉट्सॲपच्या मेसेजेसचे प्रिंटआउट आणले होते. पूर्ण एका वर्षाचे, तारखेनुसार, पंच केलेले! मराठीचं इंग्रजी करून हवं होतं.

मी पहिलं पान घेतलं.

'जेवलीस का?' आणि खाली तिचा अंगठा. तो नाही का, पिवळा, वर केलेला.

'तिकडे बर्फ पडतोय असं बातम्यांत दाखवलं. कानटोपी घाल.' अंगठा.

'आज तुझ्या आईचं वर्षश्राद्ध केलं. गुरुजी वेळेवर आले.' अंगठा.

'जेवलीस का?' अंगठा.

मी पानं उलटत गेले. दिवाळी, संक्रांत, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. डाव्या बाजूला, तिच्याकडून, कुठेही एक अक्षर नाही. ते समोर ताठ बसले होते, पाहुण्यांच्या घरी बसतात तसे.

"काका," मी म्हटलं, "तुमच्या मेसेजेसचं भाषांतर लगेच करते. पण या अंगठ्यांचं काय करू? ऑफिसर म्हणेल, मुलीने उत्तर काय दिलं ते लिहिलंच नाही."

"म्हणजे प्रत्येक अंगठ्यापुढे काहीतरी लिहावं लागेल?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. फाईल माझ्या हातातून घेतली, पहिलं पान उघडलं आणि पहिल्या अंगठ्यावर बोट ठेवलं.

"लिहा," ते म्हणाले. "'हो बाबा, जेवले. तुम्ही जेवलात का?'"