चिंधी कुठून घेतली?

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्या मॅडम खास हेच ऐकायला समोर बसायच्या त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे. मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या — पण विषय बदलला तर समजा, बाई पळाली.

आधी माझी ओळख, कारण ती सांगायला मला आवडतं. मी शोभा. लातूरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन चऱ्होलीत आले आणि चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला लागले. प्रेस म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणारं मशीन. आमच्या शॉपमध्ये लाइन लीडर झालेली पहिली बाई मीच. माझ्या लाइनवरचा माल गिऱ्हाइकाकडून कधी परत आला नाही. फुशारकी वाटते? वाटू द्या. हे हात मी कुणाकडून उसने आणलेले नाहीत.

रशिदालाही मीच घडवलं. ती देहूरोडची, वडील स्कूटर मेकॅनिक, त्यामुळे पाना-पकड तिला लहानपणापासून ओळखीची. तरी पहिल्या दिवशी प्रेसचा आवाज ऐकून दोन पावलं मागे सरली. आधी हवा सुटल्याचा फुस्स, मग धप्प. मी तिला दोन हिरवी बटणं दाखवली, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे त्या वेळी दोन्ही हात बाहेर असतात. "एक हात आत असला तर ही खाली येतच नाही. भिऊ नकोस," मी म्हणाले. ती भ्यायची थांबली. माझ्या शब्दावर थांबली, हे लक्षात ठेवा.

सहा वर्षांपूर्वी, एका फर्स्ट शिफ्टला, त्या प्रेसमध्ये तिच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

मी तेव्हा बाजूच्या तपासणीच्या टेबलाशी होते. ओरडणं ऐकून धावले, मशीन बंद केलं, तेल पुसायच्या लांब चिंधीनं तिचं मनगट आवळून बांधलं आणि तिला धरून गाडीत बसवलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ही गाठ बांधणाऱ्यानं डोकं शाबूत ठेवलं. कंपनीनं मला प्रसंगावधानाचं प्रशस्तिपत्र दिलं. ते आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय, पाहुणे आले की नवरा दाखवतो. कंपनीच्या चौकशीत निघालं ते असं — उजवा तळवा उजव्या बटणावर होता, आत अडकलेला पत्रा सरळ करताना डावा कोपर डाव्या बटणाला लागला. चूक रशिदाची.

दोनेक आठवड्यांनी सकाळी कंपनीची बस आली, दार फुस्स करून उघडलं आणि मी तिथंच रस्त्यावर बसले. मी! डोळ्यांसमोर बस नव्हतीच, ती प्रेस होती. त्यानंतर हे रोजचंच झालं. झोप उडाली, घास घेताना हाताला तेलाचा वास येऊ लागला, मागून कुणी हाक मारली तरी दचकायला व्हायचं. चिंचवडच्या एका डॉक्टरांनी नाव सांगितलं — पीटीएसडी. म्हणाले, झालेली गोष्ट मनात मागे पडत नाही, पुन्हापुन्हा घडत राहते. गोळ्या दिल्या. झोप आली, पण सकाळी हात जड. प्रेसवरच्या बाईला जड हात कसे चालतील? मी गोळ्या अर्ध्या केल्या, मग सोडल्या.

मग कौन्सेलर मॅडम. वयानं माझ्यापेक्षा लहान, आवाज मऊ. डोळे मिटा, त्या दिवशीचं सगळं पहिल्यापासून सांगा, आत्ता घडतंय असं सांगा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मला वाटायचं, हा कसला उपचार? तोच पाढा म्हणून कुणाचं दुखणं बरं झालंय? पण म्हणत गेले. चांगली म्हणायची मी, न अडखळता.

पाचव्या वेळी त्यांनी मध्येच सहज विचारलं, "चिंधी कुठून घेतली?"

काय होतं त्या प्रश्नात? काहीच नाही. त्यांना प्रेस म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. मी म्हणाले, "खिशात होती." आणि पुन्हा कधी गेले नाही.

नुसतं गेले नाही असं नाही. लाइनवर, बसच्या थांब्यावर, नात्यात, सगळीकडे सांगत सुटले की हे बोलण्याचे उपचार रिकामटेकड्यांसाठी असतात. मी करून बघितलंय ना! माझ्या शब्दाला वजन होतं. लोकांनी ऐकलं.

रशिदानंही ऐकलं. ती बरी होऊन कंपनीत परतली होती, स्टोअरला काम करायची आणि त्याच मॅडमकडे जायची. एकदा कॅंटीनमध्ये ताट घेऊन माझ्याशेजारी बसली. "ताई, मॅडमनी मला खुर्चीत बसवून सगळं करून दाखवायला लावलं. उजवा हात इथं, डावा आत. मी सारखं करून बघते. माझा कोपर त्या बटणापर्यंत पोचतच नाही हो."

मी पाणी प्यायले. मग म्हणाले, "अगं, ते लोक उगाच उकरून काढतात. जखम भरतेय ती भरू दे. मीही सोडलंच की."

"खरंच सोडू?"

"सोड."

तिनं सोडलं. ताई म्हणाली म्हणून.

पुढची पाच वर्षं ती स्वतःच्याच हाताला भीत आली. बोटं गेली त्याचं ती फारसं बोलत नाही. पण भाजी हलवताना डावा कोपर अंगाशी घट्ट धरते. तिच्या भावाला मुलगी झाली, आता वर्षाची आहे, रशिदाकडे हात पसरते. रशिदा तिला उचलत नाही. म्हणते, "माझ्या कोपराचा भरवसा नाही." हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, त्यांच्या घरी शीरखुर्मा खाताना. वाटी संपवली मी.

यंदाच्या सुरक्षा सप्ताहात कंपनीनं तिला नव्या मुलींसमोर बोलायला उभं केलं. हातात कागद नाही, आवाज खणखणीत. तिनं आपला हात वर धरला आणि सगळ्यांना दाखवला, मान जराही खाली नाही. मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले — ही माझी पोर, मी शिकवलेली! आणि मग ती म्हणाली, "मशीनची चूक नव्हती. माझा कोपर लागला." टाळ्या झाल्या. पहिली टाळी माझी होती.

बास. आता सांगते.

त्या सकाळी मी स्वतःच त्या प्रेसवर काम करत होते. जुनी प्रेस ती. डावं बटण चिंधीनं बांधून दाबून ठेवलं की एका हातानं चालते, दुसरा हात पत्रा सरकवायला मोकळा. काम जवळजवळ दुप्पट. आमच्या लाइनचा आकडा शॉपमध्ये पहिला यायचा तो काही नुसत्या मेहनतीनं नाही. मी कितीदा तरी असं केलं होतं, कधी खरचटलंही नव्हतं, आणि त्याचाही मला अभिमान होता. तपासणीवाल्यानं हाक मारली. मी रशिदाला म्हणाले, "जरा इथं उभी राहा." चिंधी सोडली नाही. विसरले म्हणू का? विसरले नव्हते. दोन मिनिटांत परत येणार, पुन्हा कुठं बांधत बसा, असा विचार केला होता.

डाव्या बाजूला चिंधी आहे हे तिला दिसलं नसावं, आणि तिनं बघावं तरी कशाला? एक हात आत असला तर प्रेस खाली येत नाही, हे तिला मीच सांगितलं होतं.

ओरडणं ऐकून धावले ते खरं. मशीन बंद केलं तेही खरं. पण त्यानंतर माझे हात आधी तिच्याकडे गेले नाहीत. आधी बटणाकडे गेले. गाठ पक्की होती, माझ्या गाठी पक्क्याच असतात. सोडवायला वेळ लागला. तेवढा वेळ ती हात धरून उभी होती. मग तीच चिंधी मी तिच्या मनगटाला बांधली.

उपचार खोटा होता का? मला माहीत नाही. मी तो घेतलाच नाही. दर आठवड्याला मॅडमसमोर मी एक दुसरीच बाई बसवत होते, जिच्या खिशात चिंधी होती. ती बरी झाली असेलही.

रविवारी देहूरोडला जाणार आहे. तोंडानं सांगायला गेले तर ऐनवेळी "खिशात होती" असंच निघेल, माझी मला खात्री आहे. म्हणून तुम्हाला सांगता सांगता हे लिहून काढलं. हे कागद तिच्या हातात देणार आणि ती वाचून होईपर्यंत तिच्यासमोर बसणार. पुढे ती जे करेल, ज्याला सांगेल, ते तिचं.

मॅडमच्या खुर्चीत बसून तिनं जे माप घेतलं होतं ते अगदी बरोबर होतं. तिचा कोपर तिथपर्यंत पोचत नाही.